प्लॅस्टिक व बहुवारिकांच्या चाचणीतील वेगविषयक परिभाषा

प्लॅस्टिकचा नमुना ओढताना, वाकवताना, फोडताना किंवा वितळवताना ती क्रिया किती जलद घडवली, हे सांगणाऱ्या संज्ञा. चाल, वेग आणि दर हे त्यांतले मुख्य शब्द. भौतिकशास्त्रात चाल अदिश आणि वेग सदिश असतो. चाचणीयंत्रात हालचालीची दिशा आधीच ठरलेली असल्याने हा भेद फारसा आड येत नाही. खरी गफलत होते ती यंत्राचा वेग आणि नमुन्याचा विकृती दर (मूळ लांबीच्या मानाने तो किती जलद ताणला जातो) एकच मानल्यामुळे.

ताण चाचणीत नमुन्याचे एक टोक स्थिर पकडीत, तर दुसरे क्रॉसहेडवर, म्हणजे यंत्राच्या सरकत्या आडव्या भागावर, असते. क्रॉसहेड मिनिटाला किती मिलिमीटर सरकतो, तो चाचणी वेग. आयएसओ ५२७ या मानकात त्याचे मिनिटाला ५०० मिमी.पर्यंतचे ठरावीक टप्पे दिले आहेत. विकृती म्हणजे लांबीतली वाढ भागिले मूळ लांबी. त्यामुळे विकृती दराच्या एककातून लांबी निघून जाते आणि केवळ ‘प्रति सेकंद’ उरते. ५० मिमी. लांबीचा भाग मिनिटाला ५० मिमी. ताणला, तर हा दर सेकंदाला सुमारे ०.०१७ येतो, २५ मिमी.च्या भागावर तोच वेग दुप्पट दर देतो. हा हिशेबही ढोबळच, कारण नमुना एखाद्या जागी बारीक होऊ लागला की पुढची सारी वाढ तिथेच एकवटते आणि तिथला दर सरासरीच्या कितीतरी पुढे जातो.

धातूंपेक्षा प्लॅस्टिकच्या बाबतीत या दराला फार महत्त्व आहे, कारण बहुवारिके (लांब साखळीसारख्या रेणूंचे पदार्थ, पॉलिमर) श्यानस्थितिस्थापक असतात, म्हणजे काही अंशी दाट द्रवासारखी, तर काही अंशी स्प्रिंगसारखी वागतात. त्यांच्या लांब साखळ्यांना एकमेकींवरून सरकायला वेळ लागतो. तो मिळाला नाही, तर पदार्थ अधिक ताठ वागतो आणि बहुधा कमी ताणून तुटतो. ज्या प्रतिबलाला (एकक क्षेत्रफळावरील बलाला) कायमचे रूप बदलू लागते, ते विकृती दराच्या लॉगॅरिथमनुसार साधारण सरळ रेषेत वाढते. म्हणून दर काही टक्क्यांनी बदलल्यास फरक किरकोळ, दहापट केल्यास ठळक. वेग वाढवणे हे तापमान उतरवण्यासारखे ठरते. विल्यम्स, लँडेल आणि फेरी यांनी १९५५ मध्ये मांडलेले समीकरण हेच नाते काचसंक्रमण तापमानाच्या (ज्याच्या खाली बहुवारिक काचेसारखे कडक होते) वरच्या पट्ट्यासाठी मांडते.

लंबकाचा फटका मारून नमुना फोडण्याच्या आघात चाचणीत एकक बदलून मीटर प्रति सेकंद होते. आयझॉड चाचणीत लंबक सुमारे ३.५, तर शार्पी चाचणीत २.९ किंवा ३.८ मीटर प्रति सेकंद वेगाने आदळतो. मिनिटाला ५० मिमी.च्या तुलनेत आयझॉडचा वेग सुमारे ४,२०० पट आहे. तो लंबक किती उंचीवरून सुटला यावर ठरतो. वस्तुमान वाढवल्याने ऊर्जा वाढते, वेग नाही. शिवाय हा आकडा आदळण्याच्या क्षणापुरताच खरा, कारण नमुना ऊर्जा शोषू लागताच लंबक मंदावतो.

वितळलेल्या प्लॅस्टिकसाठी ‘वितळ प्रवाह दर’ वापरतात. ठरावीक तापमान व भाराखाली (पॉलिएथिलीनसाठी बहुधा १९० अंश सेल्सियस व २.१६ किलोग्रॅम) १० मिनिटांत छिद्रातून किती ग्रॅम पदार्थ बाहेर पडला, हे तो सांगतो. त्यात अंतर कुठेच नसल्याने त्याला वेग म्हणणे चूक. थर एकमेकांवरून किती जलद सरकतात हे सांगणाऱ्या कर्तन दराचे एकक विकृती दराप्रमाणेच ‘प्रति सेकंद’ असते, पण तो लगतच्या थरांच्या वेगांतला फरक भागिले त्यांमधले अंतर असतो. प्लॅस्टिक किती तापमानाला मऊ पडते हे पाहणाऱ्या व्हिकॅट मृदुत्व चाचणीतला ताशी ५० किंवा १२० अंश सेल्सियस हा आकडा तापवण्याचा दर आहे, तोही वेग नव्हे.