गृहधारणा-नोंद (जनगणना)

कुटुंब राहते घर कोणत्या नात्याने वापरते, स्वतःचे म्हणून, भाड्याने की अन्य प्रकारे, याची जनगणनेतील नोंद. संयुक्त राष्ट्रांच्या जनगणनाविषयक शिफारशींत मालकी ही निवासघटकाची बाब आणि धारणा ही कुटुंबाची बाब मानली आहे. एका घरात मालक व त्याचा भाडेकरू वेगवेगळ्या चुली मांडून राहत असतील, तर घराचा मालक एकच, पण धारणेच्या नोंदी दोन होतात.

अमेरिकेच्या 1890 च्या गणनेत घर स्वतःचे की भाड्याचे आणि स्वतःचे असल्यास गहाण आहे काय, हे विचारले गेले. ब्रिटनमध्ये हा प्रश्न 1961 मध्ये आला. भारतातील आरंभ ठरवणे अवघड आहे. जुन्या गणनांत ‘घर’ कोठे इमारतीवरून, तर कोठे एकत्र जेवणाऱ्या कुटुंबावरून ठरे. घर आणि कुटुंब यांची फारकत 1951 मध्ये झाली. म्हणून तुलनेस योग्य मालिका साधारणपणे 1961 पासून धरणे अधिक सयुक्तिक.

2011 च्या गणनेसाठी 2010 मध्ये झालेल्या घरयादीत 35 रकाने होते. त्यांतील चौदावा मालकीच्या स्थितीचा. संकेतांक तीन : स्वतःचे 1, भाड्याचे 2, इतर 3. प्रगणक आधी इमारतीला, मग जनगणना घराला (इमारत किंवा तिचा स्वतंत्र वापराचा भाग) क्रमांक देतो, घराचा वापर लिहितो आणि राहता वापर असेल तरच कुटुंबाच्या रकान्यांकडे वळतो. रिकाम्या घराची धारणा नोंदली जात नाही. उत्तर तोंडी घेतले जाते. खरेदीखत, करपावती वा उतारा मागायचा नसतो.

कर्जाचे वा खरेदीचे हप्ते चालू असले, तरी घर ‘स्वतःचे’. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या नावे जमिनीचे अभिहस्तांतरण (मालकीचे कायदेशीर हस्तांतरण) झालेले नसले, तरी सभासदाची सदनिका ‘स्वतःची’च. भाडे रोख असो वा वस्तुरूप, घर ‘भाड्याचे’. मुंबईतील पागडीचे कुटुंब भाडेकरूच. त्याने मोठी रक्कम मोजलेली असते, 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाने ती पद्धत मान्यही केली आहे, पण दरमहा भाडे सुटत नाही. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार कायद्याने भाडेपट्टा नसतो. गणनेत मात्र ते घर भाड्याचेच. नातेवाइकाच्या घरात काहीही न देता राहणारे कुटुंब ‘इतर’मध्ये जाते.

खरी अडचण जमिनीची. नोंद बांधकामाची होते, त्याखालच्या जमिनीची नाही. त्यामुळे सरकारी जागेवर स्वतः बांधलेली झोपडी ‘स्वतःची’ ठरते. 2011 मध्ये झोपडपट्ट्यांतील सुमारे 70 टक्के कुटुंबे स्वतःच्या घरात राहत असल्याचे दिसते. एकूण शहरी प्रमाण 69.2 टक्के होते. झोपडपट्ट्यांच्या आकड्यावरून सुरक्षित हक्काचा निष्कर्ष काढणारे लेखन सापडते. ते ग्राह्य धरता येत नाही. गोव्यात भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीवर स्वखर्चाने घर बांधून राहणाऱ्या मुंडकाराची नोंदही अशीच होते. 1975 च्या मुंडकार कायद्याने त्याला निष्कासनापासून संरक्षण दिले, पण संरक्षित आणि असंरक्षित हा भेद त्या संकेतांकात उमटत नाही.

चुका बहुधा ‘भाड्याचे’ हा संकेतांक कमी नोंदला जाण्याकडे झुकतात. करार नोंदवलेला नसला की भाडेकरू स्वतःला मालकाचा पाहुणा म्हणवतो, किंवा शेजारी असलेला मालकच परस्पर उत्तर देतो. जनगणना अधिनियम, 1948 च्या कलम 15 नुसार या नोंदी पुराव्यात ग्राह्य नाहीत, हे प्रगणकाने आधीच स्पष्ट सांगितले तर उत्तर पुष्कळदा बदलते. वडिलोपार्जित घरात चूल वेगळी केलेल्या भावांपैकी, नमुना 8 वर (ग्रामपंचायतीच्या घर-कर आकारणी नोंदवहीत) ज्याचे नाव नाही त्याला ‘इतर’ लिहिणे हीही चूकच. वारसा हक्काने तोही मालक असतो.

देशपातळीवर 2011 मध्ये स्वतःचे 86.6, भाड्याचे 11.1 आणि इतर 2.3 टक्के अशी विभागणी होती. शहरांत भाड्याचे प्रमाण 27.5 टक्के होते. 1961 मध्ये ते निम्म्याहून अधिक होते. भाड्याची रक्कम वा कराराचा प्रकार गणनेत विचारला जात नाही. लेखी करार आहे की नाही आणि घर नोकरी देणाऱ्याने दिलेले निवासस्थान आहे काय, हे राष्ट्रीय नमुना पाहणीत, उदाहरणार्थ 2018 च्या 76 व्या फेरीत, वेगळे नोंदले आहे.