घरचं बियाणं आणि विद्यापीठाचं वावर

मे महिना सरत आला की वऱ्हाडात सोयाबीनच्या बियाण्याचा हिशेब सुरू होतो. कृषी केंद्रातली थैली परवडत नाही, मग गेल्या हंगामातलं घरचंच सोयाबीन पेरलं तर? खुशाल पेरावं, फक्त ते मूळचं शुद्ध असावं आणि त्याची उगवण तपासलेली असावी. सोयाबीनच्या फुलात उमलण्याआधीच आतल्या आत परागीभवन होऊन गेलेलं असतं. परक्या झाडाचा पराग शिरायला वाव जवळजवळ नसतोच, म्हणून दाण्यात त्याच झाडाचे गुण उतरतात. असं बियाणं दोन-तीन वर्षं, दर हंगामी घरच्याच पिकातून, राखता येतं.

ते मूळचं शुद्ध बियाणं तयार होतं विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ मध्ये स्थापन झालं, आणि विदर्भाचे अकराही जिल्हे त्याच्याकडे आहेत. इथे पैदासकार बियाण्याच्या, म्हणजे वाणाच्या अगदी पहिल्या शुद्ध बियाण्याच्या, वावरात माणसं ओळीओळीने फिरतात. फुलाचा रंग, झाडाची उंची, शेंगेवरची लव, यांत जरा वेगळं दिसलेलं झाड मुळासकट उपटून टाकतात. या बियाण्याला पिवळं लेबल लागतं. त्यापासून पायाभूत बियाणं होतं, त्याचं लेबल पांढरं. त्यापासून प्रमाणित, त्याचं निळं. आपल्या हातात पडणाऱ्या निळ्या लेबलाच्या थैलीमागे अशी कित्येक हंगामांची राखण असते.

सोयाबीनचा दाणा मात्र फार नाजूक. त्याचं साल पातळ आणि अंकुर अगदी सालीलगत. मळणी यंत्राचे फेरे जास्त ठेवले किंवा पोती आपटली की अंकुर दुखावतो, वरून दाणा टुमटुमीत दिसत असला तरी. म्हणून पेरणीआधी उगवणशक्ती तपासायचीच. ओल्या गोणपाटावर १०० दाणे ओळीत मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, पाणी शिंपडत राहा आणि सहा-सात दिवसांनी चांगले कोंब मोजा. ७० किंवा जास्त आले तर एकरी ३० किलो बियाणं पुरतं. ६० आले तर ३५ किलो घ्यावं लागेल. त्याहून फार कमी आले तर ते बियाणं वावरात न्यायचंच नाही. एका गोणपाटाच्या तुकड्यावर दुबार पेरणीचं संकट टळत असेल, तर ही तपासणी गावातल्या प्रत्येक घरी व्हायला हवी असं मला मनापासून वाटतं.

पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात बियाण्याची वाट उलटी, वावराकडून विद्यापीठाकडे गेली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंना १९८३ मध्ये पटेल-३ या वाणाच्या बांधीत काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी निराळ्या ठेवल्या, निराळ्या पेरल्या आणि दर हंगामी त्यातून पुन्हा निवड केली. त्या बारीक तांदळाला तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळावरून एचएमटी हे नाव पडलं. सोयाबीनसारखंच धानही स्वपरागी, म्हणजे आपल्याच परागावर दाणा धरणारं, म्हणूनच ही निवड टिकली. १९९४ मध्ये अकोल्याच्या विद्यापीठाने त्यांच्याकडून बियाणं नेलं आणि १९९८ मध्ये पीकेव्ही (पंजाबराव कृषी विद्यापीठ) एचएमटी हा वाण आला. शुद्धीकरणाचं काम मोलाचंच, पण पहिली नजर खोब्रागडेंची होती. वाणाच्या नावात त्यांचं नाव असायला हवं होतं.

कपाशीचं गणित वेगळं. बाजारातली बहुतेक बीटी कपाशी संकरित, म्हणून तिची सरकी पुन्हा पेरली तर पुढच्या पिढीत गुण फाटतात आणि एकसारखं पीक येत नाही. तुरीच्या फुलांवर मधमाश्या येतात, त्यामुळे शेजारच्या वावरातला पराग आपल्या तुरीत सहज मिसळतो. तुरीचं बियाणं राखायचं तर धुऱ्यालगतची झाडं सोडून मधल्या पट्ट्यातली, मर रोग न आलेली झाडं आधीच खूण करून ठेवावीत आणि त्यांची मळणी वेगळी करावी.

सोयाबीन बहुतांश तेल गिरणीत जातं, ताटात येतात तूर आणि ज्वारी. कृषी विज्ञान केंद्रांच्या आद्यरेखा प्रात्यक्षिकांतून, म्हणजे शेतकऱ्याच्याच वावरात पेरून दाखवण्यातून, नवे वाण गावात येतात. तिथेच चार-दोन घरांनी तूर-ज्वारीचा बियाणे प्लॉट धरला, भेसळ काढायला शिकून घेतलं, तर पुढच्या मृगाला गावातलं शुद्ध बियाणं गावातच मिळेल.