विसाव्या बैठकेत काय घडतं?

पहिल्या सात-आठ बैठका सहज निघतात. पंधरानंतर मांड्या भरून येतात, श्वास चढतो आणि विसाव्या बैठकेतून उठताना पाय थरथरू लागतात. बहुतेक जण इथेच थांबतात. स्नायूला बळ देणारं काम मात्र याच सुमाराला रंगात आलेलं असतं.

मांडीच्या स्नायूतले तंतू गटागटाने राबतात. प्रत्येक गटाला मज्जारज्जूतली एक चेतापेशी हुकूम सोडते. एल्वूड हेनमन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९५७ साली मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की आधी लहान चेतापेशी कामाला लागतात, मोठ्या गरज पडली तरच. लहानांच्या ताब्यातले तंतू चिवट, पण बेताच्या ताकदीचे. मोठ्यांच्या ताब्यातले दणकट, पण लवकर दमणारे. खांद्यावर जड बार घेतला की मोठ्या गटांना लगेच बोलावणं जातं. घरातल्या बैठकेत ते आधी स्वस्थ असतात. लहान गट थकत गेले, की त्यांची पाळी येते.

म्हणूनच हलक्या भाराने, पण पार दमेपर्यंत केलेल्या व्यायामानेही स्नायू जवळजवळ तेवढेच वाढतात, असं अनेक प्रयोगांत दिसलं आहे. एका झटक्यात जास्तीत जास्त वजन उचलायची ताकद हवी असेल, तर जड वजनंच सरस ठरतात. पण जिना चढायला, सिलिंडर सरकवायला, नातवाला कडेवर घ्यायला लागणारं बळ घरी नक्की कमावता येतं.

आपलं वजन काही थोडं नसतं. पुशअप करताना तळहातांवर शरीराच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भार येतो. ६० किलोच्या माणसाला सुमारे ४० किलो. जड वाटलं तर हात ओट्याच्या कडेवर टेकावेत, तेही जमत नसेल तर भिंतीवर. अंग जितकं उभं, तितका भार कमी. मग आठवड्या-आठवड्याने खाली खाली येत जमीन गाठावी.

घरच्या व्यायामात एक उणीव मात्र राहते, ती ओढण्याची. जोर काढताना आपण ढकलतो, बैठका मारताना उठतो. पाठीचे स्नायू मागे पडतात. सॅकमध्ये पाच किलो तांदूळ भरायचे, पाठ सरळ ठेवून कमरेत वाकायचं आणि ती सॅक पोटाकडे ओढायची, हा मला सर्वांत सोयीचा वाटलेला उपाय.

हृदयासाठी जिना आहेच. ब्रिटिश संशोधक जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये लंडनच्या दुमजली बसच्या कर्मचाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांच्या तुलनेत वर-खाली चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार बराच कमी होता. पुढे मॉरिस यांनीच गणवेशांची मापं तपासली, तर ड्रायव्हरांची कंबर नोकरीला लागतानाच जास्त निघाली! म्हणजे सगळं श्रेय जिन्याचं नव्हतं. स्वतःच्याच निष्कर्षाला असं कसाला लावणं मला फार मोलाचं वाटतं. त्यानंतरच्या असंख्य अभ्यासांनी मात्र चालण्या-चढण्याचा फायदा पक्का केला आहे.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम सुचवते. पूर्वी एका वेळी निदान दहा मिनिटं हवीत अशी अट होती. २०२० च्या शिफारशींत ती उरली नाही. दोन मिनिटांचा जिनाही हिशेबात धरला जातो.

माझ्या आईला खुर्चीतून उठताना हातांचा आधार लागायला लागला होता. आता कुकर लावला की ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसते, हात छातीशी घेते आणि उठ-बस सुरू करते. पहिल्या आठवड्यात पहिल्या शिट्टीपर्यंत चार व्हायच्या. काल अकरा झाल्या.