सायकल तीच, रस्ता बदलत गेला

सायकलनी कामावर जाणारी माणसं एकदा बोलायला लागली की थांबत नाहीत (मी पण त्यातलाच), सकाळी डोकं कसं मोकळं होतं, अडकलेल्या गाड्यांच्या बाजूनी कसं सटकता येतं, पार्किंगची कटकट नाही, व्यायाम फुकटात होतो वगैरे वगैरे. हे सगळं खरंच आहे. फक्त ऐकताना असं वाटतं की हा शोध गेल्या दहा-पंधरा वर्षांत कुणीतरी लावलाय. ह्यातले बरेचसे फायदे सव्वाशे वर्षांपूर्वीच लोकांना कळले होते, मधल्या काळात विसरले गेले आणि काही ठिकाणी तर अक्षरशः भांडून परत मिळवावे लागले. आणि गंमत म्हणजे एवढ्या सगळ्या भानगडीत सायकल फारशी बदललीच नाही, बदलत राहिला तो रस्ता.

सुरुवात १८१७ ची. जर्मनीतल्या मानहाइम गावात कार्ल फॉन ड्राइस नावाच्या सरकारी वनखात्यातल्या माणसानी १२ जूनला एक लाकडी यंत्र रस्त्यावर काढलं, दोन चाकं एकामागे एक, मधे बसायला जागा, पुढचं चाक वळवायला दांडा, आणि पेडल वगैरे काही नाही, दोन्ही पायांनी जमीन ढकलत पळायचं. सात-आठ किलोमीटरवरच्या घोडे बदलायच्या थांब्यापर्यंत तो गेला आणि परत आला, सगळं मिळून साधारण तासाभरात, म्हणजे चालण्यापेक्षा कितीतरी जलद. १८१५ मध्ये इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला, पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही, ओट्स महागले, घोडे पोसणं परवडेना आणि म्हणून ड्राइसला बिनघोड्याचं वाहन सुचलं अशी एक थिअरी आहे. ऐकायला झकास आहे, पण थेट पुरावा नाही म्हणून अभ्यासकांचं त्यावर एकमत नाही, त्यामुळे आपणही ती जरा जपूनच घ्यावी.

मला ह्या गोष्टीतला पुढचा भाग जास्त आवडतो. तेव्हाचे रस्ते घोडागाड्यांच्या चाकोऱ्यांनी उखडलेले असायचे, त्यात हे यंत्र चालेना, म्हणून लोक ते फूटपाथवर घेऊन गेले, चालणारे वैतागले आणि लगेच फूटपाथवर बंदी आली, सुरुवात खुद्द मानहाइमपासूनच. म्हणजे सायकल नीट जन्मली पण नव्हती तेव्हापासून 'हिनी नक्की कुठून जायचं' हा वाद चालू आहे.

पेडल यायला १८६० चं दशक उजाडलं. पॅरिसमध्ये मिशो ह्यांच्या कारखान्यात पुढच्या चाकालाच पेडल लावलेली सायकल बनायला लागली, पिएर लालेमाँनी १८६६ मध्ये अमेरिकेत तसंच पेटंट घेतलं, आणि आधी कुणाला सुचलं ह्यावर आजही वाद घालणारे आहेत, आपण त्यात पडायला नको. लाकडी चाकं, त्यावर लोखंडी पट्टी आणि खाली दगडी फरसबंदी. इंग्लंडमध्ये लोकांनी तिला 'हाडं खिळखिळी करणारी' असं नाव ठेवलं होतं, ह्यावरून रोज कामावर जायला ती कितपत बरी असेल ते कळतंच.

मग आली ती जुन्या फोटोत दिसणारी उंच चाकाची सायकल. लोकांना वाटतं ही नुसती फॅशन होती, पण त्यात साधं गणित होतं. पेडल थेट पुढच्या चाकाला जोडलेलं, त्यामुळे पेडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एकच फेरा, आणि मग जास्त अंतर कापायचं तर चाकच मोठं करा. दीड मीटर व्यासाचं चाक एका फेऱ्यात पावणेपाच मीटर जातं. त्यामुळे चाक किती मोठं घ्यायचं हे तुमचे पाय किती लांब त्यावर ठरायचं! जेम्स स्टार्ली वगैरे मंडळींनी १८७० च्या सुमाराला तारेच्या आऱ्यांची हलकी चाकं आणली, वेग मस्त मिळायला लागला. पण माणूस बसलेला जवळजवळ चाकाच्या डोक्यावर, पुढे एखादा दगड आला की सायकल जागच्या जागी आणि माणूस हँडलवरून डोक्यावर खाली. साहजिकच हा धडधाकट, पैसेवाल्या तरुणांचा खेळ राहिला. म्हातारे, बायका, कामगार, रोज वेळेवर पोचायची ज्यांना खरी गरज, ते सगळे बाहेर.

खरा बदल १८८५ चा. जेम्सचाच पुतण्या जॉन केम्प स्टार्ली, इंग्लंडमधलं कॉव्हेंट्री शहर, आणि 'रोव्हर' सेफ्टी सायकल. जवळजवळ सारखी दोन चाकं, बसायची जागा मधे, पाय जमिनीला टेकतायत, आणि पेडलची ताकद चेननी मागच्या चाकाला. चेनची कमाल अशी की पुढची चक्री मोठी आणि मागची छोटी ठेवली की पेडलच्या एका फेऱ्यात चाक दोन-अडीच फेरे मारतं, म्हणजे मोठ्या चाकाचा वेग छोट्या चाकात मिळाला, पडायची भीती नाही. आज तुमच्या जिन्याखाली जी सायकल उभी असेल ती बघा आणि रोव्हरचा फोटो बघा, सख्ख्या बहिणी वाटतील.

तीन वर्षांनी म्हणजे १८८८ मध्ये बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरनी हवेच्या टायरचं पेटंट घेतलं, निमित्त काय तर पोराची तीनचाकी खडबडीत रस्त्यावर हादरे देत होती. (तसं रॉबर्ट थॉमसननी हीच कल्पना चाळीस-एक वर्षं आधी पेटंट केली होती आणि सगळे ती विसरून गेले होते, त्यामुळे पुढे डनलॉपचं पेटंट टिकलं नाही.) पण पहिले टायर चाकाला चिकटवलेले असायचे, पंक्चर झालं की दिवस गेला समजा. १८९१ मध्ये मिशलॅं बंधूंनी काढता-घालता येणारा टायर आणला आणि पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही लांब पल्ल्याची रेस त्याच टायरवर जिंकली गेली. रेस जाऊ दे, पण रोज नऊच्या आत कुठेतरी पोचायचं असलेल्या माणसासाठी सगळ्यात मोठा शोध माझ्या मते हाच, कारण पंक्चर ही दिवस वाया घालवणारी गोष्ट न राहता वीस मिनिटांची कटकट झाली.

अजून एका चीजेचं फारसं कौतुक होत नाही, ती म्हणजे फ्रीव्हील. आधी मागचं चाक फिरलं की पेडल फिरणारच, उतारावर तर इतक्या जोरात की लोक पाय काढून पुढच्या फोर्कवरच्या छोट्या खुंट्यांवर ठेवायचे आणि देवाचं नाव घ्यायचे. १८९० च्या दशकाच्या शेवटी शेवटी फ्रीव्हील रुळलं. आत दोन छोट्या खिट्ट्या, स्प्रिंगनी बाहेर ढकललेल्या आणि बाहेरच्या कड्याला आतून करवतीसारखे तिरके दात. पेडल मारलं की खिट्टी दातात अडकते आणि चाक ओढलं जातं, पाय थांबवले की तीच खिट्टी दातांवरून घसरत जाते आणि टिकटिकटिक आवाज येतो. संध्याकाळी घरी परतताना उतार लागला, पाय स्थिर, नुसती ती टिकटिक आणि कानात वारा, हे सुख लोकांना तेव्हापासून मिळायला लागलं. ह्यासाठी कुठलंही ॲप लागत नाही.

मग १८९० च्या दशकात युरोप-अमेरिकेत सायकलचं अक्षरशः वेड लागलं. त्याचा सगळ्यात मोठा परिणाम बायकांच्या आयुष्यावर झाला असं म्हणायला हरकत नाही. पायघोळ झग्यात सायकल चालवणं शक्यच नव्हतं म्हणून सुटसुटीत कपडे आले, मधली दांडी खाली घेतलेली फ्रेम आली, कपडे अडकू नयेत म्हणून चेनकव्हर आणि मागच्या चाकाची जाळी आली. आज ऑफिसच्या कपड्यांत सायकल चालवता येते त्यामागे हीच चेनकव्हरं आहेत, ती त्या काळातल्या बायकांची देणगी समजा. अमेरिकेतल्या मतदान हक्काच्या नेत्या सुझन बी. अँथनी १८९६ मध्ये एका मुलाखतीत म्हणाल्या होत्या की बायकांना मोकळं करण्यात सायकलनी जगातल्या इतर कशाहीपेक्षा जास्त काम केलंय. ह्याच काळात काही डॉक्टर मात्र सायकलनी चेहरा कायमचा ताणलेला होतो असं गंभीरपणे सांगत होते, विशेषतः बायकांना. का, ते सांगायला नकोच!

अजून एक गोष्ट ह्याच काळातली. गुळगुळीत रस्ते हवेत ही मागणी अमेरिकेत सायकलवाल्यांनी लावून धरली होती, त्यांची संघटना १८८० मध्ये स्थापन झाली आणि चांगल्या रस्त्यांची चळवळ तिनी चालवली. तोपर्यंत मोटारी जवळजवळ नव्हत्याच. म्हणजे रस्ते मागितले सायकलवाल्यांनी आणि पुढे त्याच रस्त्यांवरून त्यांना बाजूला कोणी केलं ते आपण बघतोच.

१८९७ च्या आसपास बाजार कोसळला, कारखाने फार झाले, किंमती पडल्या, श्रीमंतांना मोटार नावाचं नवीन खेळणं मिळालं. बरेच जण इथे सायकलची गोष्ट संपवतात, पण रोजच्या प्रवासाची गोष्ट खरं तर इथून सुरू होते, कारण आता सेकंडहँड सायकल गिरणीतल्या कामगाराला आणि पोस्टमनला परवडायला लागली. कारखान्याला खेटून राहायची सक्ती गेली, पाच-सात किलोमीटरवरची नोकरी पण घेता यायला लागली, ट्रामचं तिकीट वाचलं, भोंग्याच्या आधी दहा मिनिटं पोचता आलं. १९२०-३० च्या दशकांत कोपनहेगन, ॲमस्टरडॅमसारख्या शहरांत सकाळ-संध्याकाळ रस्ते सायकलींनी भरून जायचे आणि त्यात पर्यावरण वगैरे काही कुणाच्या डोक्यात नव्हतं, स्वस्त पडतं आणि पटकन पोचता येतं, बास.

तब्येतीचा मुद्दा फार उशिरा आला. लंडनच्या दुमजली बसवर जेरी मॉरिस ह्या डॉक्टरनी अभ्यास केला, तो १९५३ मध्ये छापून आला, दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरपेक्षा जिने चढ-उतर करणाऱ्या कंडक्टरना हृदयविकार कमी. बसचा किस्सा सगळ्यांना माहीत असतो, पण त्याच अभ्यासात टपालखात्याचे लोक पण होते, आणि चालत किंवा सायकलवर टपाल वाटणारे पोस्टमन खुर्चीत बसणाऱ्या क्लार्कपेक्षा बरे निघाले होते. पुढे कोपनहेगनमधल्या सुमारे ३०,००० लोकांचा साडेचौदा वर्षांच्या आसपास मागोवा घेतला गेला, तो २००० मध्ये प्रसिद्ध झाला, आणि इतर व्यायाम वगैरे हिशेबात धरूनही कामाला सायकलनी न जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ३९ टक्के जास्त निघालं. आता अशा अभ्यासात मुळातच ठणठणीत असलेली माणसं सायकल निवडत असतील ही शंका राहतेच, ती पूर्ण जात नाही. पण वेगवेगळ्या ठिकाणचे अभ्यास एकाच दिशेनी बोट दाखवतायत हे नाकारता येत नाही.

आणि विरोधाभास बघा, मॉरिस हे शोधत होते नेमक्या त्याच वर्षांत लोक सायकल सोडत होते. ब्रिटनमध्ये १९४९ मध्ये सगळे मिळून साधारण २४ अब्ज किलोमीटर सायकल चालवत होते, १९७३ पर्यंत ते ४ अब्जाच्या खाली आलं. सायकल काही वाईट झाली नव्हती! रस्ते रुंद झाले, मोटारींचा वेग वाढला, घरं आणि कामाच्या जागा लांब गेल्या, आणि शेजारून ट्रक घासून जायला लागल्यावर शहाणा माणूस काय करणार?

नेदरलँड्समध्ये पण हेच चाललं होतं. तिथले लोक जन्मजात सायकलवाले असं म्हणतात ते मला पटत नाही, कारण ॲमस्टरडॅममध्येही १९६० च्या दशकात शहर फोडून मोठे मोटार-रस्ते काढायचे प्लॅन होते. १९७१ मध्ये त्या छोट्या देशात रस्त्यांवर ३,००० हून जास्त माणसं मेली आणि त्यात ४०० हून जास्त लहान मुलं होती. स्वतःची मुलगी अपघातात गमावलेल्या एका पत्रकारानी संतापून लेख लिहिला, त्याचं शीर्षकच 'बालहत्या थांबवा' अशा अर्थाचं होतं, आणि त्यातून चळवळ उभी राहिली, आईबाप आणि पोरं रस्त्यावर बसली. तेवढ्यात १९७३ चं तेलसंकट आलं, नोव्हेंबरपासून रविवारी मोटारी बंद, आणि लोकांनी रिकाम्या हायवेवर सायकली आणि स्केट्स काढले. रस्ता शांत असला की कसा वाटतो हे एका पिढीला अचानक आठवलं. पुढे ग्रोनिंगन शहरानी १९७७ मध्ये डोकं लावलं, शहराच्या मध्यभागाचे चार तुकडे केले, मोटारीला एका तुकड्यातून दुसऱ्यात थेट जायची बंदी, तिनी बाहेरच्या रिंगरोडनी वळसा घालायचा, सायकल मात्र सरळ आरपार. झालं, सायकल आपोआप जवळची पडायला लागली. आज त्या देशात चारातली एक फेरी तरी सायकलवर होते आणि युट्रेख्त स्टेशनखाली १२,५०० सायकलींचं पार्किंग आहे.

'आमच्याकडे ती संस्कृतीच नाही' म्हणणाऱ्यांसाठी स्पेनमधलं सेव्हिल. गरम शहर, सायकलची परंपरा जवळजवळ शून्य. २००६ पासून चार-पाच वर्षांत त्यांनी साधारण १२० किलोमीटरचे, मोटारींपासून वेगळे आणि एकमेकांना जोडलेले सायकल-मार्ग केले आणि सायकलवरच्या फेऱ्या अनेक पटींनी वाढल्या. जोडलेले हे महत्त्वाचं, कारण मधेच संपणारा ट्रॅक हा ट्रॅक नसल्यासारखाच, रोज जाणाऱ्याला विचारा.

घामाचं काय, हा प्रश्न येतोच. १९७३ मध्ये ऑक्सफर्डच्या एस. एस. विल्सन ह्यांनी हिशेब मांडला होता की सायकलवरचा माणूस तेवढंच अंतर चालण्याच्या साधारण पाचव्या हिश्शाच्या ऊर्जेत जातो, प्राणी आणि यंत्रं सगळी धरून सायकलवरच्या माणसानी पहिला नंबर पटकावला. फक्त हवेचा विरोध वेगाच्या वर्गानी वाढतो आणि त्याच्याविरुद्ध लागणारी ताकद घनानी, म्हणजे वेग थोडासा वाढवला तरी मेहनत भसकन वाढते. सपाट रस्त्यावर पंधराच्या वेगानी रमतगमत गेलात तर चालण्याएवढीच धाप लागते, पंचवीसनी गेलात की शर्ट भिजलाच. वाचतात किती तर पाच किलोमीटरमागे सात-आठ मिनिटं. आणि मोठा चढ असेल किंवा वय झालं असेल तर आता मोटर आहेच, यामाहानी पेडल मारल्यावर मदत करणारी सायकल जपानमध्ये १९९३ मध्ये आणली तेव्हा लोक हसले असतील कदाचित, आता तीच कित्येकांची रोजची गाडी आहे. कट्टर मंडळी तिला चीटिंग म्हणतात, म्हणू देत.

२०२० मध्ये साथीच्या काळात लोक बस-मेट्रोला घाबरले, पॅरिस, बोगोटासारख्या शहरांनी रातोरात खांब आणि पट्टे मारून तात्पुरत्या सायकल लेन काढल्या, आणि पॅरिसनी त्यातल्या बऱ्याच नंतर कायमच्या केल्या. त्याच्या आधी २००३ मध्ये पीटर जेकबसन ह्यांनी अनेक शहरांचे आकडे तपासून दाखवलं होतं की सायकल चालवणारे आणि चालणारे दुप्पट झाले की प्रत्येकाचा अपघाताचा धोका साधारण एक तृतीयांशानी कमी होतो, बहुतेक कारण ड्रायव्हरना त्यांची सवय होते. म्हणजे तुमच्या ऑफिसातल्या अजून दोघा-चौघांनी सायकल काढली तर त्याचा फायदा तुम्हालाही होतो. आता त्यांना सायकल काढावीशी वाटेल असा रस्ता करून द्यायचं काम कुणाचं, त्यावर मात्र १८१७ पासून वाद चालूच आहे.