आंब्याच्या बिअरमधला आंबा जातो कुठे?

मे महिन्यात मुंबईतल्या ब्रूपबांच्या, म्हणजे स्वतःची बिअर गाळणाऱ्या पबांच्या, फळ्यावर आंब्याची व्हीट बिअर (गव्हाची बिअर) झळकते, आणि पहिला घोट घेतलेले बरेच जण विचारतात, "अहो, यात आंबा कुठे आहे?" प्रश्न रास्त आहे. आमरस डोक्यात ठेवून ग्लास तोंडाला लावला की आधी जाणवते गव्हाची हलकी आंबूस चव, मग जिभेवरची चुणचुण. गोडवा म्हणावा तर फारसा हाती लागत नाही. घोट गिळल्यावर मात्र घशातून वर येतो तो हापूसच. फळाचा गंध शिल्लक आहे, फळाची साखर गेलेली आहे. ही फारकत कशी होते हे कळलं की अशी बिअर चाखण्याची रीतच बदलते.

साखर यीस्ट खातं. पिकल्या आंब्यातली साखर म्हणजे सुक्रोज, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. बिअरच्या यीस्टला, म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसीला, या तिन्ही पचतात. सुक्रोज तर ते विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने पेशीच्या बाहेरच फोडून घेतं. गर टाकीत पडला की काही दिवसांत त्यातल्या साखरेचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड झालेलं असतं. मागे उरतात आम्लं, थोडा रंग, पेक्टिन या फळातल्या चिकट पदार्थाचा गढूळपणा आणि वासाचे रेणू. तेही सगळे नाहीत. आंबवणीचा जोर असताना टाकीतून कार्बन डायऑक्साइडचे लोट बाहेर पडतात आणि हलके, उडून जाणारे गंधरेणू त्यांच्याबरोबर निघून जातात. म्हणून जाणता ब्रूअर गर सुरुवातीला घालत नाही, जोर ओसरल्यावर घालतो. काही ठिकाणी आंबवणं पूर्ण संपल्यावर यीस्ट गाळून सिरप किंवा इसेन्स मिसळतात. तिथे गोडवा टिकतो, पण मला ती सरबताकडे झुकलेली वाटते.

हापूसच्या वासावर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत बरंच काम झालं आहे. या फळात ऑसिमीनसारखी टर्पीन, म्हणजे वनस्पतींतली सुवासिक संयुगं, भरपूर असतात, आणि फळ पिकत जातं तशी लॅक्टोन आणि फ्युरॅनोन या गटांतली संयुगं तयार होतात. पिकलेल्या हापूसचा तो दाट, गोडसर, थोडा जळक्या साखरेकडे जाणारा वास त्यांच्यामुळे येतो. अढीत नीट न पिकलेला आंबा टाकीत गेला तर बिअरला ती खोली येत नाही.

आता साखर नसताना गोड वाटणाऱ्या बिअरविषयी. जिभेला कळतात त्या चवी मोजक्याच: गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी. 'आंबा' ही चव नाहीच, तो वास आहे. घास चावताना, घोट गिळताना गंधरेणू घशाच्या मागच्या वाटेने नाकात चढतात आणि तिथे ओळखले जातात. माणसाच्या नाकात गंधरेणू ओळखणाऱ्या ग्राहींचे (रिसेप्टरांचे) सुमारे ४०० प्रकार आहेत. या ग्राहींचं जनुककुल लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सेल यांनी १९९१ साली शोधलं आणि २००४ साली त्यांना नोबेल मिळालं. पडताळा घरी घेता येतो, त्याला बिअरची गरज नाही. नाक चिमटीत धरून चमचाभर आमरस खा: गोड आणि किंचित आंबट, एवढंच कळेल. चिमटी सोडा, क्षणात आंबा हजर होतो.

पण आपला मेंदू हे दोन हिशेब वेगळे ठेवत नाही. कोकणातला असो की गिरगावातला, लहानपणापासून हापूसचा गंध आणि साखर एकाच घासात आलेली असतात, त्यामुळे नुसता गंध आला तरी मेंदू गोडव्याची भर घालतो. ऑस्ट्रेलियातल्या काही प्रयोगांत लोकांना अनोळखी वास साखरेच्या पाण्यासोबत पुन्हा पुन्हा दिला गेला. पुढे तो वास एकटा हुंगला तरी त्यांना जास्त गोड वाटू लागला. म्हणजे आंब्याच्या व्हीट बिअरमधला गोडवा बऱ्याच अंशी पिणाऱ्याने सोबत आणलेला असतो. मला या सगळ्या विषयातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

दुसरी सुंदर गोष्ट यीस्टची. बव्हेरियन पद्धतीच्या व्हीट बिअरमध्ये, म्हणजे हेफेवायझनमध्ये, एकही फळ घालत नाहीत, तरी ग्लास नाकाशी नेला की पिकलं केळं आठवतं. हा वास आयसोअमाइल अॅसिटेट या एस्टरचा, म्हणजे फळासारख्या वासाच्या संयुगाचा. खऱ्या केळ्यातही तोच असतो. यीस्ट हे एस्टर का बनवतं, याचं एक उत्तर बेल्जियमच्या लूव्हेनमधल्या संशोधकांनी २०१४ साली दिलं. एस्टर बनवणारं एटीएफ-१ हे जनुक त्यांनी काढून टाकलं, तर त्या यीस्टकडे फळमाश्या कमी आकर्षित झाल्या. यीस्टला पंख नाहीत, एका फळावरून दुसऱ्या फळावर जायचं तर कोणीतरी वाहून न्यायला हवं. घरातल्या पिकल्या केळ्यांवर घोंगावणारी चिलटं अशाच वासांच्या मागावर येतात. आपल्या ग्लासातलं केळं मुळात चिलटांसाठी दिलेलं आवतण आहे.

हेफेवायझनमध्ये केळ्याच्या पाठोपाठ लवंग येते. धान्याच्या पेशीभित्तीत फेरुलिक आम्ल असतं. माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचं, पीठ कालवून काही वेळ ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवलं की ते मोकळं होतं, आणि हे यीस्ट त्याचं ४-व्हिनाइल ग्वायकॉल करतं. लवंगेतल्या युजेनॉलचं ते जवळचं भावंड. शेकडो वर्षं माणसाच्या हाताखाली वाढताना बिअरच्या बहुतेक यीस्टांनी ही क्षमता गमावली, कारण बाकीच्या बिअरांत हा वास दोष मानला जातो. व्हीट बिअरच्या यीस्टने ती राखली.

म्हणूनच आंबा आणि हेफेवायझन ही जोडी मला पटत नाही. केळं आंब्याला गिळून टाकतं आणि लवंग त्यावर बसते. आंबा खुलतो तो बेल्जियन पद्धतीच्या विटबिअरमध्ये. तिच्यात माल्ट न केलेला गहू, धने आणि संत्र्याची साल असते. ही शैली नामशेष झाली होती. होगार्डन गावात पिअर सेलिस या माणसाने १९६०च्या दशकात तिला पुन्हा उभं केलं. धन्यांत लिनॅलूल हे फुलांच्या वासाचं टर्पीन मुबलक असतं आणि हापूसच्या टर्पीनांशी त्याचं छान जुळतं. हेफेवायझनला जोड हवी आंबट फळाची: कोकम किंवा जांभूळ. दोन्हींत अँथोसायनिन रंगद्रव्यं आहेत आणि ती आम्लात लाल राहतात. बिअर स्वतः आम्लधर्मी असल्याने ग्लासाला गुलाबी छटा येते. पेरूचा प्रकार आणखी वेगळा. त्याचा ओळखीचा दर्प गंधकयुक्त थायॉल रेणूंचा, आणि ते लिटरमागे काही नॅनोग्रॅम असले तरी नाकाला कळतात. काही हॉप्समध्येही, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमध्येही, असे थायॉल असतात, त्यामुळे पेरू न घालता पेरूचा भास होऊ शकतो.

गव्हाबद्दल थोडं. १५१६ सालच्या बव्हेरियाच्या प्रसिद्ध कायद्यात जव, हॉप्स आणि पाणी एवढ्यालाच परवानगी होती; गव्हाची बिअर पुढे राजघराण्याची मक्तेदारी झाली. दाट फेस आणि धूसर रूप ही गव्हातल्या प्रथिनांची देणगी. मात्र गव्हाच्या दाण्याला जवासारखं टरफल चिकटून राहत नाही, त्यामुळे काढा गाळताना चोथा चिखलासारखा बसतो. मग त्यात भाताचं तूस मिसळतात, म्हणजे द्रवाला वाट मिळते.

चाखताना मुंबईकर एक घात करतो: बर्फासारखी थंड मागतो. उकाड्यात ते समजण्यासारखं आहे, पण गारठ्यात गंधरेणू द्रवातून सुटतच नाहीत आणि जीभही मंदावते. ७-८ अंशांना आंबा दिसू लागतो. ग्लास समोर आला की थोडा थांबा, मग हुंगा, छोटा घोट तोंडात फिरवा आणि गिळून नाकाने श्वास सोडा. चुणचुणीकडेही लक्ष द्या, ती बुडबुडे फुटल्यामुळे होत नाही. जास्त दाबाच्या कक्षात, जिथे बुडबुडे बनतच नाहीत, तिथेही लोकांना ती तेवढीच जाणवली. कार्बॉनिक अॅनहायड्रेज हे विकर कार्बन डायऑक्साइडचं आम्ल करतं, त्याची ही झोंबणी. हिमालयात ट्रेकला जाताना उंचीचा त्रास होऊ नये म्हणून डायमॉक्स घेतलेल्यांना सोडा किंवा बिअर बेचव लागते ती याचमुळे. ते औषध हेच विकर अडवतं.

महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे, आणि अल्कोहोल कर्करोगकारक आहे हेही तितकंच खरं. चव समजून घ्यायला १०० मिलिलिटर पुरतात, आणि बऱ्याच ब्रूपबांत तेवढे छोटे ग्लास मिळतात. एका वेळी दोन मागवा, एक फळाचा आणि एक त्याच घरची साधी व्हीट बिअर. साधी आधी हुंगली की केळं, लवंग, धने यांपैकी काय यीस्टचं आणि काय मसाल्याचं ते कळतं. दुसऱ्या ग्लासात जे जास्तीचं आहे ते फळाचं.

बाटलीतली घेणार असाल तर तयार झाल्याची तारीख बघा. साठवणीत आयसोअमाइल अॅसिटेट पाण्याशी विक्रिया होऊन हळूहळू तुटत जातं, आणि उष्णतेने हे तुटणं वेग घेतं. त्यातच ऑक्सिजनमुळे जुन्या पुठ्ठ्यासारखा वास धरतो. मुंबईच्या उन्हात गोदामात आणि टेम्पोत फिरलेल्या बाटलीत सगळ्यात आधी हरवतं ते फळ, म्हणून फळाची व्हीट बिअर टाकीतून थेट ग्लासात येते तिथेच घ्यावी, आणि टाकी कधी भरली ते बिनधास्त विचारावं.