पामतेलाचा खरा हिशेब जमिनीखाली

दिवाळीचा फराळ जवळ आला की पामतेलाबद्दलचे मेसेज फिरू लागतात. हे तेल आतड्यात गोठतं, रक्तवाहिन्यांना प्लास्टिकसारखं चिकटतं, वगैरे. थंडीत पामोलिनची, म्हणजे पामतेलाच्या पातळ भागाची, पिशवी गढूळ दिसते, एवढंच त्यातलं खरं. शरीराचं तापमान ३७ अंश, पामोलिन त्याच्या बरंच खाली वितळतं. शिवाय पचनात तेलाचे तुकडे होतात, ते जसंच्या तसं नसांत शिरत नाही. संपृक्त मेदाम्लं जास्त आहेत, तेव्हा हात आखडता ठेवा, हे ठीक. पण पामतेलावर राग धरायचाच असेल तर भक्कम कारण दुसरीकडे आहे, इंडोनेशियाच्या दलदलीत.

आपला संबंध जवळचा आहे. पामतेलाचा जगातला सगळ्यात मोठा आयातदार भारत. २०२२ च्या दिवाळीत महाराष्ट्रात रेशनवर मिळालेल्या ‘आनंदाचा शिधा’मध्ये रवा, चणाडाळ, साखरेबरोबर लिटरभर पामतेलच होतं. जगातलं सुमारे ८५ टक्के पामतेल इंडोनेशिया आणि मलेशियातून येतं. पामतेलाचं झाड, म्हणजे तेलताड, हेक्टरी तीन-चार टन तेल देतो, सोयाबीन जेमतेम अर्धा टन. म्हणून ‘पामतेल-मुक्त’ छापलेल्या बिस्किटांच्या पुड्यांचं मला फारसं कौतुक नाही. तेवढंच तेल सोयाबीनमधून काढायचं तर निदान सहापट जमीन लागेल. प्रश्न झाडाचा कमी आणि ते कुठे उभं आहे याचा जास्त.

सुमात्रा आणि बोर्निओच्या सखल भागात लाखो हेक्टर जमीन मातीची नाहीच. ती आहे पीट, म्हणजे पाण्याखाली साठलेला अर्धवट कुजलेला पालापाचोळा, मुळं आणि लाकूड. काही ठिकाणी हा थर दहा मीटरहून खोल आहे, आणि तो साठायला हजारो वर्षं लागली. तिथल्या ओढ्यांचं पाणी कोऱ्या चहासारखं दिसतं आणि चांगलंच आम्लधर्मी असतं.

एवढ्या उष्ण, दमट हवेत हे सगळं कुजून का गेलं नाही? इथेच मला या विषयाची खरी गंमत वाटते. पाण्यात ऑक्सिजन पसरण्याचा वेग हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी कमी, त्यामुळे पाण्याखालच्या सूक्ष्मजीवांची उपासमार होते, हे उघड कारण. पण २००१ मध्ये ख्रिस फ्रीमन या शास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी वेल्समधल्या पीटवर काम करून एक बारकावा मांडला. लाकडातून सुटणाऱ्या फिनॉल संयुगांना फोडणारं फिनॉल ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) ऑक्सिजनशिवाय चालत नाही. ते बंद, म्हणून फिनॉल साचतात. साचलेले फिनॉल सेल्युलोज वगैरे फोडणाऱ्या हायड्रोलेज विकरांना जखडतात, आणि गंमत अशी की या दुसऱ्या गटाला स्वतःला ऑक्सिजन लागतच नाही. म्हणजे एकाच विकराने बाकी सगळ्यांच्या दाराला कडी घातलेली. पाणी उतरलं, हवा आत गेली, की कडी निघते. उष्ण कटिबंधातलं पीट लाकडाचं, फिनॉलने भरलेलं, त्यामुळे तिथे ही कडी फार मोलाची.

तेलताडाच्या मुळांना मात्र हवा हवी. म्हणून चर खणून पाणपातळी साधारण ६० ते ८० सेंटिमीटर खाली नेतात. मग पीट हवेत जळतं, ज्वाळेशिवाय. जमीन पहिल्या काही वर्षांत मीटरभर खचते, नंतर वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर. झाडांची मुळं उघडी पडतात, खोडं एका बाजूला कलतात.

आकडा मांडून पाहू. हवामान बदलविषयक आंतरसरकारी समितीच्या मोजणीनुसार अशा मळ्यातून हेक्टरी वर्षाला ११ टन कार्बन, म्हणजे सुमारे ४० टन कार्बन डायऑक्साइड सुटतो. तेल चार टन धरलं तर किलोमागे १० किलो, तेही फक्त जमिनीतून. लिटरभर डिझेल जाळलं तर पावणेतीन किलोच्या आसपास. आणि इंडोनेशियात २०२५ पासून डिझेलमध्ये ४० टक्के पामतेलाचं बायोडिझेल मिसळायचं धोरण आहे, ‘हिरवं इंधन’ म्हणून! झाडाने शोषलेलाच कार्बन परत जातो हे खरं, पण पीटचा कार्बन या मळ्याने शोषलेला नव्हता.

सुकलेलं पीट पेटतंही. इंडोनेशियाच्या सुहार्तो सरकारने १९९६ मध्ये बोर्निओतल्या मध्य कालिमंतानात भातासाठी सुमारे १० लाख हेक्टरांवर कालवे खणायला घेतले. भात काही पिकला नाही. १९९७ च्या एल निनोत मात्र तिथलं पीट पेटलं, आणि धुराने शेजारचे देशही भरून गेले.

त्यानंतर नियम आले. शाश्वत पामतेलाच्या आरएसपीओ या प्रमाणपत्राने २०१८ पासून पीटवर नवी लागवड बंद केली, पण जगातलं जेमतेम पाचव्या हिश्शाचं तेल त्याखाली येतं. इंडोनेशियाने पाणपातळी ४० सेंटिमीटरच्या खाली जाऊ द्यायची नाही असं ठरवलं. त्याने खचणं मंदावतं, थांबत नाही. थांबवायचं तर पाणी पार वर आणावं लागेल आणि तिथे तेलताड जगणार नाही. तिथलं सुमारे ४० टक्के तेलताडाचं क्षेत्र छोट्या शेतकऱ्यांकडे आहे. त्यातल्या पीटवरच्या शेतकऱ्याला चर बुजव म्हणणं म्हणजे पीकच सोड म्हणणं.

भारताने २०२१ मध्ये ११,०४० कोटींचं तेलताड अभियान सुरू केलं. आंध्र-तेलंगणात पीट नाही, हे चांगलंच. पण तिथे उन्हाळ्यात एका झाडाला दिवसाला दोनशे लिटरहून जास्त पाणी द्यावं लागतं, आणि हेक्टरी झाडं असतात १४३. ते पाणी बहुतेक बोअरवेलचं.