उंदराएवढं हरीण

गावाकडे रात्री कुणी ‘जनावर निघालं’ म्हणालं की ‘कुठलं?’ असं कुणी विचारत नाही. सगळे बॅटरी आणि काठी शोधायला लागतात. शब्द अख्ख्या प्राणिसृष्टीचा, अर्थ मात्र एकच : साप.

इंग्रजीतल्या ‘डिअर’चंही असंच झालं. आज तो हरणाचा शब्द. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत मात्र ‘देओर’ म्हणजे कुठलंही रानटी जनावर. त्याचा जर्मन भाऊ ‘टीअर’ अजूनही ‘प्राणी’ याच अर्थाने नांदतोय. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मध्ये वेड्याचं सोंग घेतलेला एडगर सांगतो, की सात वर्षं आपण उंदीर-घुशी आणि असल्याच ‘बारक्या डिअर’वर काढली. आजच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे उंदराएवढं हरीण उभं राहतं!

हा शब्द हरणानेच का पटकावला? बहुधा शिकारीमुळे. 1066 मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडीतून आलेल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं. त्यानंतर या नॉर्मन राजांनी इंग्लंडमधली मोठमोठी रानं स्वतःच्या शिकारीसाठी राखली, आणि मानाची शिकार म्हणजे हरीण. त्यातल्या नराला ‘हार्ट’ म्हणत, म्हणजे शिंगवाला. आपलं ‘शृंग’ त्याच मुळातलं. ‘डिअर’ने सोडलेल्या जागी आधी फ्रेंचमधून आलेला ‘बीस्ट’ बसला, मग ‘अ‍ॅनिमल’. हा ‘अ‍ॅनिमल’ तसा उशिराच रुळला. 1611च्या किंग जेम्स बायबलमध्ये, म्हणजे बायबलच्या गाजलेल्या इंग्रजी भाषांतरात, तो एकदाही येत नाही.

गंमत म्हणजे आपला ‘मृग’ याच वाटेने गेलाय. ऋग्वेदात मृग म्हणजे रानातला कुठलाही पशू. हत्तीला तिथे ‘मृग हस्तिन्’ म्हटलंय, म्हणजे हात असलेला पशू! म्हणून तर सिंह मृगेंद्र आणि माकड शाखामृग. कन्नडमध्ये ‘मृग’ म्हणजे आजही पशूच.

अस्वलाचं तर नावच गेलं. संस्कृत ‘ऋक्ष’, ग्रीक ‘आर्क्टोस’, लॅटिन ‘उर्सुस’ हे सगळे एकाच घरचे. जर्मन-इंग्रजीच्या पूर्वजांनी मात्र तो शब्द टाकला. नाव घेतलं की ते येतं, ही भीती. आपल्याकडे रात्री सापाला ‘लांबडं’ म्हणतात तशीच. त्याऐवजी आलेल्या ‘बेअर’चा अर्थ, बऱ्याच भाषातज्ज्ञांच्या मते, ‘तपकिरी’. टाकलेला शब्द पुढे ग्रीकच्या दाराने इंग्रजीत परतला तो ‘आर्क्टिक’ बनून : आकाशातल्या अस्वलाखालचा, म्हणजे सप्तर्षींखालचा प्रदेश. तिथलं पांढरंशुभ्र अस्वल मात्र इंग्रजीत अजून ‘तपकिरी’च आहे.